पोथी त्यांच्याकडे, वस्ताद आपल्याकडे

निवडणुका आल्या की मराठी वर्तमानपत्रांना कुस्तीची आठवण होते. अमक्याने तमक्याला धोबीपछाड दिली, आघाडीत खडाखडी, बंडखोराने शड्डू ठोकला, दोन पक्षांची नुरा कुस्ती, आणि शेवटी मतदारराजाने सगळ्यांनाच आस्मान दाखवले! मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. 'धोबीपछाड' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा म्हटले की वर्गातली सगळी मुले हात वर करायची. पण धोबीपछाड मारताना हात कुठे धरायचा, पाय कुठे ठेवायचा, पाठ कुणी कुणाकडे करायची, असे विचारले की वर्ग चिडीचूप. धोबी कपडा खांद्यावरून दगडावर आपटतो, तसे प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून पुढे आपटायचे, एवढी साधी प्रतिमा आहे त्यात. ती प्रतिमाच हरवली आणि मागे नुसता मथळा उरला.

या विषयावर आज जरा स्पष्ट बोलायचे आहे. मी पैलवान नव्हे, पण त्यासाठी पैलवान असायलाच हवे असे नाही. माझे भांडण तीन प्रकारच्या लोकांशी आहे.

पहिले भांडण आमच्या उपनगरांतल्या सुशिक्षित पालकांशी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडलाही आता मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे आणि ब्राझिलियन जिऊ-जित्सूचे क्लास निघाले आहेत. मुले तिथे जातात, घाम गाळतात, याचा मला आनंदच आहे. मोबाइलपेक्षा केव्हाही बरे! पण हेच पालक कुस्तीचे नाव काढले की नाक मुरडतात. "ते गावाकडचं हो, यात सायन्स असतं!"

काय आहे हे सायन्स? प्रतिस्पर्ध्याच्या एका पायाला झेप घालून त्याला खाली आणणे. आमच्याकडे त्याला एकेरी पट म्हणतात. दोन्ही पाय धरले की दुहेरी पट. त्याला खांद्यावर आडवा घेऊन पलीकडे टाकला की कलाजंग. क्लासमध्ये याच गोष्टी इंग्रजी नावांनी शिकवतात. शिवाय ही 'आधुनिक' विद्या तरी कुठून आली? जपानात जिगोरो कानो यांनी जुन्या जुजुत्सूमधून निवड करून १८८२ साली ज्यूदो उभा केला. त्यांच्या परंपरेतला मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने ती विद्या उचलली, आणि १९९३ साली अमेरिकेतल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत रॉइस ग्रेसीने ती जगाला दाखवली. म्हणजे हीसुद्धा गुरूकडून शिष्याकडे आलेली जुनीच विद्या. फरक इतकाच की त्यांनी तिला क्रम लावला, नावे ठरवली, पट्टे ठरवले. आपली जोगेश्वरी-कांदिवलीही काही मागे नव्हती. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव जोगेश्वरीत वाढला आणि कांदिवलीच्या साई केंद्रात तयार झाला. हे शेजारच्या इमारतीतल्या किती जणांना ठाऊक आहे? पिकते तिथे विकत नाही, दुसरे काय!

दुसरे भांडण अगदी उलट टोकाच्या मंडळींशी. रोज सकाळी यांचे निरोप फोनवर येऊन पडतात. "जगातल्या सगळ्या युद्धकला भारतातून गेल्या. बोधिधर्माने चीनला शिकवले, चीनने जपानला शिकवले..." झाले, छाती फुगली! याला पुरावा विचारला की तुम्ही देशद्रोही.

मंडळी, १५३९ साली जर्मनीतल्या विटेनबर्ग गावी कुस्तीवरचे एक पुस्तक छापले गेले. लेखक फाबिआन फॉन आउअर्सवाल्ड, सॅक्सनीच्या दरबारातला कुस्तीचा वस्ताद, वय पंच्याहत्तरीच्या पुढे. पुस्तकात ८५ डाव, आणि प्रत्येकाला लुकास क्रानाख या नामवंत चित्रकाराच्या चित्रशाळेतले चित्र. दाढीवाला म्हातारा वस्ताद स्वतः तरुण गड्याशी झोंबतो आहे. कमरेवर घेऊन टाकणे, आतून पाय अडकवणे, हात मुरगळून मागे नेणे, सगळे त्यात आहे. कोल्हापूरच्या तालमीतला मुलगा ती चित्रे बघून निम्म्या डावांना मराठी नावे देईल. आता काय म्हणायचे? कोल्हापूरचा कोणी वस्ताद विटेनबर्गला गेला होता का?

गोष्ट साधी आहे. माणसाला जगात सगळीकडे दोन हात, दोन पाय, एक मान आणि एकच कंबर. गुडघा एकाच बाजूला वाकतो. तोल जिथे जातो तिथेच जातो. मग हजार कोसांवरच्या दोन माणसांना, एकमेकांचे नावही माहीत नसताना, एकच डाव सुचला तर त्यात नवल कसले? यात कोणी कोणाचे चोरले नाही. आणि 'आम्ही पहिले' म्हणून काही मिळतही नाही. पहिले असण्याच्या नादात आहे ते सांभाळायचे राहून जाते, हे माझे खरे दुखणे.

कारण 'पहिले' ठरवायचेच असेल तर कागद आपल्याकडे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या सीमेवरचेच. त्यात 'मल्लविनोद' नावाचे प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचे व्यायाम, अगदी पोहण्याचा आणि खांबावरचा व्यायामसुद्धा. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने तो छापला. त्याच मालेत १९६४ साली जेठी मल्लांचे 'मल्लपुराण' आले. आणि मराठीत बडोद्याच्याच मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. दहा खंड! छाती फुगवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातला एक तरी उघडून पाहिला आहे?

तिसरे भांडण मात्र जपून करायला हवे, कारण ते आदराच्या माणसांशी आहे. जुने वस्ताद म्हणतात, "मास्तर, ही विद्या पुस्तकातनं येत नाही. माती अंगाला लागावी लागते." अगदी खरे. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही तसेच हे. लहुजी वस्तादांच्या पुण्यातल्या तालमीपासून आजपर्यंत ही विद्या अंगाकडून अंगाकडेच आली. शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहून कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली पुरे केले, तेही डोळ्यांनी बघून शिकणाऱ्या हजारोंसाठीच. पण "पुस्तकातून येत नाही" याचा अर्थ "लिहूच नये" असा कसा होतो?

इथे मध्ययुगीन युरोपकडे पुन्हा बघू. इटलीतल्या फिओरे देई लिबेरी या उस्तादाने १४१० च्या सुमारास एक पोथी सिद्ध केली. तिची सुरुवातच कुस्तीने होते. मग खंजीर, मग तलवार, भाला, घोड्यावरची लढाई. त्यातली एक खुबी मला फार आवडली. डाव दाखवणाऱ्या उस्तादाच्या डोक्यावर मुकुट असतो. तो डाव चालवणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा असतो. आणि त्या डावाची तोड सांगणाऱ्याला मुकुट आणि पट्टा दोन्ही! म्हणजे चित्र बघताक्षणी कळते की हा डाव, की त्याची तोड. आपल्या वस्तादांच्या शिकवण्यात हेच असते. आधी डाव, मग तोड, मग तोडीची तोड. त्याने ते कागदावर बसवले, एवढेच. ऑस्ट्रियाच्या सरदारांना कुस्ती शिकवणारा, जन्माने ज्यू असलेला ऑट नावाचा उस्ताद पंधराव्या शतकात प्रसिद्ध होता. त्याचे डाव इतरांनी आपापल्या पोथ्यांत उतरवून घेतले म्हणून ते उरले. आल्ब्रेख्त ड्यूररसारख्या महान चित्रकाराने १५१२ च्या सुमारास कुस्तीच्या डावांची चित्रे काढली.

पुढे काय झाले? बंदुका आल्या, दरबार गेले, आणि त्या उस्तादांची परंपरा तुटली. स्वित्झर्लंड, आइसलँड, ब्रिटनी अशा ठिकाणी लोककुस्त्या चालू राहिल्या, पण या पोथ्यांतले अंगाकडून अंगाकडे जाणारे शिक्षण संपले. गेल्या तीसेक वर्षांत तिकडच्या हौशी मंडळींनी पोथ्या वाचून ती विद्या पुन्हा उभी करायला घेतली. आणि त्यांची अडचण कोणती? चित्रात एकच क्षण असतो. त्याआधी पाय कुठे होता? वजन कोणत्या टाचेवर होते? एका चित्रावर वर्षानुवर्षे वाद! हात धरून "असं नाही, असं" म्हणणारा एकही म्हातारा त्यांच्यात शिल्लक नाही.

आपल्याकडे तो म्हातारा अजून आहे. तो तालमीच्या ओट्यावर बसलेला आहे. त्यांच्याकडे पोथी आहे आणि वस्ताद नाही. आपल्याकडे वस्ताद आहे आणि पोथी अर्धीच आहे. 'मानसोल्लासा'त चित्रे नाहीत, नुसत्या संस्कृत शब्दांवरून डाव उभा करणे अवघड. आणि 'व्यायाम ज्ञानकोशा'चा शेवटचा खंड निघाला त्यालाही आता पाऊणशे वर्षे झाली. ओट्यावरचा म्हातारा गेला की आपली गत युरोपाहून वाईट. त्यांच्याकडे निदान पोथी तरी होती.

"कुस्ती कुठे मरतेय? पदके येतायत की," असे कोणी म्हणेल. कुस्ती मरत नाही, बरोबर. पण डाव मरतात. गोलेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतून मॅटवर जावे लागले. सहावे आले. चुका सुधारून चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मॅट शिकायलाच हवी, याबद्दल वाद नाही. आपल्या महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. परंतु जिथे गुण मोजले जातात तिथे गुण देणारे डावच शिकवले जातात. बाकीचे हळूहळू कोणी दाखवत नाही, मग कोणाला येत नाहीत.

ज्यूदोचे उदाहरण बघा. २०१० पासून ज्यूदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पायाला थेट हात घालून पाडण्यावर बंदी येत गेली. त्यामुळे 'काता गुरुमा', म्हणजे आपली कलाजंगच म्हणा ना, जुन्या पद्धतीने स्पर्धेत मारणे बंद झाले. पण ती मेली नाही. का? कारण कानो यांनी आपल्या ठरीव फेकींच्या 'काता'त तिला कायमची जागा देऊन ठेवली होती. स्पर्धेत चालो न चालो, वरच्या पट्ट्याच्या विद्यार्थ्याला ती शिकावीच लागते. आपल्या घिश्श्याला, मोळीला, ढाकेला असे घर कुठे आहे?

आणि हे आपल्याला जमत नाही असेही नाही. मल्लखांब बघा. मुळात पैलवानाचा पूरक व्यायाम तो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला ऊर्जितावस्था आणली. पुढच्या लोकांनी उड्यांना, पकडींना नावे दिली, क्रम लावला, गुण ठरवले, मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आणला. परिणाम? आज पार्ल्यातल्या आणि दादरच्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुली मल्लखांब करतात, आणि २०१९ साली शिवाजी पार्कवर त्याची जागतिक स्पर्धा झाली, परदेशी खेळाडू येऊन खेळले. पैलवानाचा खांब जगात पोचला, पैलवानाचे डाव मात्र ओट्यावरच बसून आहेत.

मग करायचे काय? मला पुतळे नकोत, स्मारके नकोत, 'आमचा गौरवशाली वारसा' असे फलक तर मुळीच नकोत. मागणी अगदी कारकुनी आहे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या तालमींत जाऊन, साठीच्या पुढच्या प्रत्येक वस्तादाकडून येतील तितके डाव चित्रित करून घ्या. एक डाव समोरून, बाजूने आणि पायाकडून. आधी सावकाश, मग वेगाने. लगेच त्याची तोड. आणि त्या माणसाच्या तोंडून त्या डावाचे नाव, तो ज्या गावात जसे म्हणतो तसे. कोल्हापुरात एक आणि विदर्भात दुसरे नाव निघाले तर दोन्ही लिहा, भांडू नका. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. क्रानाखच्या चित्रशाळेला जे लाकडावर कोरावे लागले ते आपल्या नातवाला एका दुपारी जमेल. विद्यापीठांचे मराठी विभाग, क्रीडा खाते, कुस्तीगीर परिषद, कोणीही पुढाकार घ्या. आणि कोणीच घेतला नाही तर ज्याच्या घरात एखादे जुने पैलवान आजोबा आहेत त्याने येत्या रविवारी सुरुवात करावी.

उपनगरांतल्या त्या क्लासवाल्या तरुण शिक्षकांनाही एक विनंती. तुम्ही शिकवता ते चांगलेच आहे. पण मुलांना एकेरी पट शिकवताना तो शब्दही एकदा उच्चारा की. जपानी नावे पाठ होतात, इंग्रजी होतात, मग मराठी का होऊ नये?

असो. चूकभूल द्यावी घ्यावी असे म्हणायची पद्धत आहे, पण या बाबतीत मला फारशी तडजोड सुचत नाही. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना थांबायला वेळ नाही. बघा पटतंय का, आणि पटलं तर आधी फोन काढा, मला प्रतिक्रिया नंतर लिहा.