‘फुलांमुलांचा कवि’ एवढेंच काय ?

नागपुराहून राजनांदगांवीं जाणारी आगगाडी भंडारा जिल्ह्यांतून, वरठी व तुमसर मागें टाकीत, वैनगंगा ओलांडून जाते. याच वाटेवर १८९३ सालीं नारायण वामन टिळकांस एका अनोळखी यूरोपियन प्रवाशानें ‘नवा करार’ दिला. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आमचे टीकाकार ही हकीकत चरित्रकारांच्या हवालीं करितात व टिळकांस ‘फुलांमुलांचा कवि’ म्हणून मोकळे होतात. दुसरा पक्ष त्यांच्या अभंगांतील गोडवा मान्य करितो, पण त्यांस धर्मविचार म्हणावयास तयार नाहीं. दोघांची चूक एकच : भावना म्हणजे विचाराचा अभाव, असें दोघेही धरून चालतात.

हा भ्रम जुना आहे. १७९९ सालीं बर्लिन येथें फ्रीडरिख श्लायरमाखर यानें धर्माची उपेक्षा करणाऱ्या सुशिक्षितांस उद्देशून व्याख्यानरूप ग्रंथ लिहिला. बुद्धिवाद्यांनीं धर्मास नीतीच्या दावणीला बांधलें होतें. त्याच्या रोमँटिक मित्रांस कला पुरेशी वाटे. त्यानें दोघांसही बजाविलें कीं, धर्म हें ज्ञान नव्हे, आचरणही नव्हे. मनुष्याच्या चित्तांत त्याचें स्वतंत्र स्थान आहे. पुढें त्यानें त्यास ‘निरपवाद परावलंबनाची जाणीव’ म्हटलें, आणि तिच्याच पायावर ख्रिस्ती सिद्धान्तांची सबंध इमारत रचिली. ओल्या डोळ्यांनीं असा ग्रंथ सिद्ध होत नाहीं !

टिळकांवर त्याचें ऋण होतें, असें मला म्हणावयाचें नाहीं. पण पेंच तोच होता. एकीकडे मिशनऱ्यांचे वादविवाद, दुसरीकडे धर्मास समाजसुधारणेचें साधन समजणारे सुधारक. टिळकांनीं तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचें सांगितलें व ख्रिस्त अभंगांत आणिला. जर्मन पंडितानें जें परावलंबन म्हटलें, तें आमच्या संतांस ‘शरणागति’ या नांवानें केव्हांच परिचित होतें. तेव्हां अभंगाची निवड हा वेष नव्हे. तोच टिळकांचा सिद्धान्त होय.

आक्षेप येईल कीं, भावनेस कसोटी कोणती ? आक्षेप रास्त आहे. दोघांचें उत्तर मात्र एकच : मंडळी. श्लायरमाखर १८३४ सालीं मरेपर्यंत धर्मोपदेशक राहिला. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही मोकळा असा ‘देवाचा दरबार’ भरविला. ९ मे १९१९ रोजीं ते वारले व प्रयोग अर्धाच राहिला. ही उणीव मी लपवीत नाहीं. परंतु ज्या जाणिवेपायीं मनुष्य जात गमावितो, लक्ष्मीबाईंसारख्या सहधर्मिणीचा वर्षानुवर्षें वियोग सोसतो आणि अखेरीस नोकरीही सोडितो, तिला ‘गोड भावना’ म्हणणें हा टीकेचा आळस आहे.

संग्रहकारांनीं टिळकांचीं फुलें खुशाल वेंचावीं; मात्र त्यांचें मूळ कोणत्या मातींत होतें, तेंही वाचकांस दाखवावें.