तारेवाचून ट्राम

मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली आणि १९६४ च्या मार्चअखेरीस कायमची थांबली. आमच्या आजोबांच्या तोंडून तिच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. डोक्यावरच्या तारेशी तिची जन्मगाठ होती. तार सुटली की ट्राम उभी. ही गाठ आता अन्य देशांत सैल होऊ लागली आहे.

फ्रान्समधील नीस शहरात २००७ साली नवी ट्राम सुरू झाली. तिच्या वाटेवर मासेना आणि गारिबाल्दी हे दोन देखणे जुने चौक. त्यांतल्या मासेना चौकात कार्निव्हालचे उंचच उंच चित्ररथ येतात. पणजीचा कार्निव्हाल ज्यांनी पाहिला आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे! अशा जागी तारांचे जाळे कोणास रुचेल? म्हणून गाडीवर बॅटरी बसवण्यात आली. चौकाच्या तोंडाशी ट्रामने तारेस टेकलेला पँटोग्राफ मिटून घ्यावयाचा, साठवलेल्या विजेवर चौक ओलांडावयाचा, आणि पलीकडे पुन्हा तार धरावयाची. इंग्लंडातील बर्मिंगहॅमनेही २०१९ साली आपल्या टाउन हॉलवरून लिथियम बॅटरीच्या बळावर ट्राम अशीच नेली. शिवाय ब्रेक लावताना मोटर जनित्राचे काम करते. ती वीज उष्णता होऊन वाया जाण्याऐवजी बॅटरीत साठवता येते.

हे सांगत असता वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "मग तारा हव्यातच कशाला, सर?" आमचे मत त्याहून निराळे आहे. बॅटरी हे ओझे आहे, आणि ते ट्रामला प्रत्येक चढावर वाहावे लागते. वारंवार भरून व उपसून तिचा जोर ओसरतो. काही वर्षांनी ती बदलावीच लागते. जेथे वास्तूची शोभा राखावयाची आहे, तेवढ्या तुकड्यापुरतीच ती वापरावी. एरवी साध्या रस्त्यावर तारेस नाक मुरडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. तारा नकोत म्हणून ट्रामच नको, असा हट्ट तर त्याहून वाईट.

विद्यार्थी मात्र हटला नाही. नीसच्याच २०१८ सालच्या दुसऱ्या मार्गावर डोक्यावर तार मुळीच नाही; उतारू चढेउतरेपर्यंत, थोड्या सेकंदांत, गाडी थांब्यावरच जमिनीतून वीज भरून घेते, हे त्याने दाखवून दिले. आम्हांस ते कबूल करावे लागले. तथापि त्यासाठी थांब्याथांब्यावर जमिनीत यंत्रे पुरावी लागतात. तो खर्च आमच्याकडील कोणती नगरपालिका सोसेल, असे विचारताच तो हसला आणि वहीत आकडेमोड करू लागला.