नायगावचा भाऊ

आज भाऊबीज. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या खेड्यांत या सणाची खरी वाट पाहायची ती सासरी नांदणारी पोर. आठव्या-नवव्या वर्षी लग्न व्हायचं. मग पंचमी, दिवाळी, बाळंतपण, नाहीतर दुखणं. माहेर दिसायचं ते एवढ्याच निमित्तांनी, तेही कुणी मुऱ्हाळी न्यायला आला तर. त्या घरांतली बहीणभावांची माया ओव्यांत राहिली, पण भांडणं कागदावर क्वचितच उतरली. लिहिता येणाऱ्या बायका होत्याच किती!

सावित्रीबाई फुले त्यांतल्या एक. १८३१चा जन्म, १८४०मध्ये लग्न, १८४८पासून पुण्यात मुलींची शाळा. जिवावरच्या दुखण्यातून उठण्यासाठी त्या शिरवळजवळच्या नायगावला, माहेरी आल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी पती जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्या गैरहजेरीत शाळेतल्या सहकारी फातिमाला त्रास पडत असेल, ही काळजी त्यात आहे. आणि आहे भाऊ. त्यानं आपली मनापासून शुश्रूषा केली, हे त्या आधी सांगतात. मगच वादाकडे वळतात.

कारण हाच भाऊ आजारी बहिणीला म्हणत होता की, तुम्हा नवराबायकोला वाळीत टाकलं ते योग्यच झालं. महार-मांगांसाठी खपणं सोडा, जातीच्या रूढीनं वागा. सावित्रीबाईंनी ऐकून घेतलं नाही. गाई-शेळ्यांना तू मायेनं कुरवाळतोस, पंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग माणसांचाच विटाळ का, असं त्यांनी त्याला तोंडावर विचारलं. भाऊ खजील झाला. आधी त्याच्या बोलण्यानं कष्टी झालेली आई लेकीचं बोलणं ऐकून सुखावली.

या पत्रातला भाऊ मला फार महत्त्वाचा वाटतो. तो सुधारक नाही. गावाचं भय त्याच्या बोलण्यात पुरेपूर आहे. तरीही जातीनं बाहेर काढलेल्या बहिणीला त्यानं घरात घेतलं, तिची सेवा केली. आणि बहिणीनंही त्याच्या सेवेखाली दबून आपलं मत गिळलं नाही. त्याचा प्रेमळपणा आणि त्याची संकुचित बुद्धी, दोन्ही तिनं एकाच पत्रात लिहून ठेवली.

आज महाराष्ट्रात बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून सख्ख्या भावानं तिचा जीव घेतल्याच्या बातम्या येतात. त्याहून किती तरी अधिक घरांत रक्त सांडत नाही, फक्त दार बंद होतं: फोन उचलला जात नाही, दिवाळीला बोलावणं जात नाही, आईला चोरून भेटावं लागतं. अशा घरांतल्या भावांना माझी कळकळीची विनंती आहे. तिचा निर्णय पटला नसेल तर तसं तिला सांगा, हवं तर वाद घाला. पण आज तिला घरी आणा, आणि ती जे बोलेल ते आईसमोर ऐकून घ्या.