सगळे एकच सांगत नाहीत

'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.' वर्षभर हे वाक्य आमच्या टेबलावर येऊन पडत होते. प्रवासवर्णनात, व्यक्तिचित्रात, एकदा तर पाककृतीच्या प्रस्तावनेत. बुद्ध आणि महावीर ही त्यातली ठरलेली जोडी. दोघांनी घर सोडले, दोघांनी अहिंसा सांगितली, संपला विषय.

विषय तिथे सुरू होतो. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात नालंद्याचा उपाली, म्हणजे महावीरांचा गृहस्थ अनुयायी, बुद्धाला वादात हरवायला निघतो. पापकर्मात भारी काय, शरीराची कृती की मनातला हेतू? निगंठांचा, म्हणजे महावीरांच्या जैन साधूंचा, कौल शरीराला, बुद्धाचा मनाला. उपाली हरतो आणि तिथल्या तिथे पक्ष बदलू पाहतो. बुद्ध त्याला आधी नीट विचार करायला सांगतो. शिवाय तुझ्या दारी निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती थांबवू नकोस, असेही बजावतो. अर्थात ही बौद्धांनी सांगितलेली हकीकत. जैनांनी सूत्रकृतांगात उट्टे काढले आहे: पेंडीचा गोळा समजून कुणी माणूस भाजला, तर बौद्धांच्या हिशेबी पापच नाही! थट्टा अन्यायाची आहे, पण नेम चुकलेला नाही.

आजीवक पंथाचा गुरू मक्खली गोशाल याला मात्र बौद्ध आणि जैन दोघांनीही झोडपले. अशोकाने बराबरच्या टेकड्यांत आजीवकांना गुहा दिल्या. त्या टिकल्या, ग्रंथ गेले. सारे नियतीनेच ठरते म्हणणारा हा माणूस आज विरोधकांच्या तोंडूनच ऐकावा लागतो.

मराठीत या साऱ्याशी झुंजले ते धर्मानंद कोसंबी. हयात पालीत घालवली, अखेरीस 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे पुस्तक लिहिले आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. बौद्ध पंडिताने जैनांची वाट धरली, ती दोन्हींतला फरक पुरता ठाऊक असताना.

आश्विन अमावास्या ही महावीरांच्या निर्वाणाची तिथी. दिवाळी अंकात हा विषय ओढूनताणून आणला म्हणणाऱ्यांना एवढे कारण पुरे.

बाकी वर्षाचे काय सांगावे? कागद महागला, काही जुने लेखक गेले, काही नव्यांनी वेळेत मजकूर दिला. अंकात हेतू आणि कृती यांवरचे दोन लेख शेजारी शेजारी छापले आहेत. त्या लेखकांचे एकमेकांशी पटत नाही, आणि त्यातल्या एकाशी आमचेही. पत्र लिहाल तेव्हा कोणत्या परिच्छेदाशी भांडण आहे ते कळवा. नुसत्या अभिनंदनाची पत्रे गेल्या वर्षीचीच अजून पुष्कळ शिल्लक आहेत.