ब्रँड नको, वय नको, पावत्या दाखवा!

सेकंडहँड यॉटच्या बाजारात दोन पंथ आहेत आणि माझं दोघांशीही पटत नाही.

पहिला पंथ 'जुनं ते सोनं'वाल्यांचा. १९७०-८० च्या दशकातली जाड फायबरग्लासची, जडशीळ, बुडाखाली लांबलचक कील असलेली बोट म्हणजेच खरी बोट. त्यानंतर जे काही निघालं ते सगळं प्लॅस्टिकचं टमरेल! दुसरा पंथ ब्रँडवाल्यांचा. अमुक यार्डाची आहे ना? मग डोळे मिटून घ्या.

गंमत म्हणजे समोर उभी असलेली बोट नीट बघायचे कष्ट दोघांनाही नको असतात.

मंडळी, सध्या मी ऑनसाईट साउथॅम्प्टनला आहे. टीममधला एक जण गेले काही महिने ३४ फुटी क्रूझिंग यॉट शोधतोय. क्रूझिंग म्हणजे शर्यतीची नव्हे. आत झोपायला बंक, छोटासा ओटा, संडास आणि शिडांवर लांब जाता येईल अशी. तो बोट बघतो आणि मी टॉर्च घेऊन खाली सरपटतो. विकांतामागून विकांत सरपटल्यावर बनलेलं मत असं: जुन्या बोटीची किंमत म्हणजे तिच्या एकेका भागाचं उरलेलं आयुष्य. बाकी सगळी रंगरंगोटी.

आधी सोनंवाल्यांकडे बघू. ह्यांचं आवडतं उदाहरण 'सटोरी'. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या 'परफेक्ट स्टॉर्म'मध्ये ही वेस्टसेल ३२ सापडली. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने तिघांना उचललं, बोट तशीच सोडून दिली, आणि काही दिवसांनी ती मेरीलँडच्या किनाऱ्यावर जवळजवळ धडधाकट सापडली. भारी गोष्ट आहे, वादच नाही. पण ह्यावरून 'सटोरी' दणकट होती एवढंच कळतं. यार्डात पंधरा वर्षं ताडपत्रीखाली कुजलेली तिचीच जुळी बहीण कशी असेल, हे त्यातून कसं कळणार?

दुसरं उदाहरण तर आपल्याला अभिमान वाटावा असं. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी दुसरे आले, ते रस्लर ३६ वर. ह्या शर्यतीत १९८८ पूर्वीचं डिझाइन असलेलीच बोट चालते. "बघा, जुनीच बोट टिकली!" अहो, पण ती निघाली कशी ते बघा ना. आधीची, २०१८ ला सुरू झालेली शर्यत जिंकणाऱ्या झाँ-लुक व्हान देन हीड ह्यांचीही रस्लर ३६ च होती. त्यांनी निघण्याआधी डोलकाठीसुद्धा आखूड करून घेतली होती. असे लोक जुनं डिझाइन घेतात, पण जुन्या तारांच्या भरवशावर दक्षिण महासागरात जात नाहीत.

आता ब्रँडवाले. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' नावाची बेनेतो फर्स्ट ४०.७ अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परत येत होती. भर अटलांटिकमध्ये तिची कील निखळली. चौघेही गेले. बोट २००६ ची, म्हणजे जेमतेम आठ वर्षांची. नाव जगप्रसिद्ध. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेचा अहवाल २०१५ मध्ये आला. आधी बोट तळाला घासण्याचे प्रसंग आणि नंतरच्या दुरुस्त्या ह्यांमुळे कील आणि तिला धरणारी आतली चौकट कमकुवत झाली असण्याची शक्यता त्यात मांडली आहे. चौकट बुडापासून कुठे सुटली असेल तर ते सहज दिसतही नाही.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच: बोट कधी तळाला घासली होती का? दुसरा प्रश्न: दुरुस्ती कोणी केली, पावती कुठाय? ह्यावर "आठवत नाही" असं उत्तर आलं तर ब्रँडचं नाव चहात बुडवून खा.

आणि त्या जाहिराती! चार्टप्लॉटर, सोलर पॅनल, नवी कुशन कव्हरं, ब्लूटूथ स्पीकर... दहा वर्षं जुन्या चार्टप्लॉटरची किंमत दहा वर्षं जुन्या मोबाईलइतकीच. हा सगळा डेमो आहे हो. क्लायंटला डेमो दाखवताना आपण काय काय झाकतो ते आपल्यापेक्षा चांगलं कोणाला माहीत?

बघायचं ते वेगळंच. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारा कोणत्या वर्षीच्या? साधारण दहा वर्षं झाली की इथले बरेच विमावाले बदला म्हणतात. डेक प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतलं बाल्सा लाकूड पाणी पिऊन बसलेलं असू शकतं. पाण्याखालच्या भोकांवरच्या तोट्या, म्हणजे सीकॉक, खरवडून बघा. साध्या पितळेतलं जस्त निघून गेलं की धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो. युरोपच्या मानकात अशा फिटिंगला 'गंजरोधक' म्हणायला पाच वर्षं टिकणं पुरेसं धरलं जायचं. पाच! आणि बोट पंचवीस वर्षांची. उलट ज्या ऑस्मॉसिसच्या, म्हणजे बुडावरच्या फोडांच्या नावाने सगळे घाबरतात, त्याने खिसा रिकामा होतो, पण बोट सहसा बुडत नाही.

"इंजिन फक्त ६०० तास चाललंय" ह्यालाही भुलू नका. पंचवीस वर्षांत ६०० तास म्हणजे इंजिन बहुतेक वेळ खाऱ्या हवेत नुसतं बसून होतं. डिझेल इंजिनाला हा आराम मानवत नाही.

आता हिशेब. आकडे माझे, उदाहरणादाखल. एकाच मॉडेलच्या दोन बोटी. एक २८,००० पौंडांना: मूळ इंजिन, अठरा वर्षांच्या तारा, ढिली पडलेली शिडं. दुसरी ३८,००० ला: तिन्ही गोष्टी गेल्या पाच वर्षांतल्या, पावत्यांसकट. 'स्वस्त' बोटीला इंजिनाचे १३,०००, तारांचे ५,०००, शिडांचे ४,००० लावा. झाले ५०,०००. वर एक उन्हाळा यार्डात. आणि विकायला काढाल तेव्हा ह्यातलं फार थोडं परत मिळेल, कारण गिऱ्हाईक नव्या इंजिनाचे पूर्ण पैसे कधीच देत नाही. ते गिऱ्हाईक आपण व्हायचं! खर्च आधीच्या मालकाने केलेला असावा.

शेवटचा मुद्दा सर्व्हेचा. "बोट घेतली नाही तर सर्व्हेचे सात-आठशे पौंड पाण्यात" हे इतक्यांदा ऐकलंय की कंटाळा आला. पाण्यात कसे? वाईट बोट टळली, त्याचेच तर ते पैसे आहेत. आणि विक्रेत्याने दिलेला जुना सर्व्हे वाचा, पण त्यावर विसंबू नका. तो त्याच्यासाठी केलेला होता. चूक निघाली तर तुमच्याशी सर्व्हेअरचा काही करार नाही. मालकीचंही तसंच. ब्रिटनमधली छोट्या बोटींची एसएसआर नोंदणी मालकी सिद्ध करत नाही. विक्रीखतांची साखळी मागा, बोटीवर कर्ज नाही ना ते तपासा.

पुण्यात रिसेलचा फ्लॅट घेताना आपण सात-बारापासून सोसायटीच्या एनओसीपर्यंत सगळं मागतो. आणि तो फ्लॅट तर जमिनीवर उभा असतो. बोटीच्या बाबतीत मात्र सूर्यास्ताचा एक फोटो पाहून माणसं विरघळतात. त्या फोटोत कील दिसत नसते, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.