टप्प्यांचा हिशेब

पुणे आणि अहमदनगर या दोन शहरांच्या दरम्यान १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तेव्हा चालकाच्या आसनावर किसन राऊत होते आणि वाहकाचे काम लक्ष्मण केवटे यांच्याकडे होते, ही गोष्ट आमच्या केडगावात अजूनही अभिमानाने सांगितली जाते. कारण पुण्याचा रस्ता आमच्या गावावरून जातो. पुढे १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ प्रथम सुरू झाली, तीही याच मार्गावर. नगरचे आता अहिल्यानगर झाले, केडगाव महापालिकेच्या हद्दीत गेले; परंतु लाल गाडी म्हणजे आपल्या घरचीच, ही येथील माणसाची भावना मात्र ढळलेली नाही. आणि घरच्या माणसाचा व्यवहार जसा आपण कधी तपासून पाहत नाही, तसाच या गाडीच्या तिकिटाचा हिशेबही आपल्यापैकी बहुतेकांनी कधी समजून घेतलेला नसतो.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतील एका वृद्ध दांपत्याबरोबर पुण्यास जाण्याचा योग आला. आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे, आजी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. आजोबांना डोळे दाखवायचे होते. गाडीत वाहक जवळ येताच आजोबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले आधार कार्ड काढले आणि दोन्ही हातांनी पुढे धरले. वाहकाने ते पाहिले, यंत्रातून शून्य रकमेचे तिकीट काढून दिले, आजींचे अर्धे तिकीट फाडले आणि तो पुढे गेला. त्या शून्याच्या तिकिटाकडे आजोबा सुप्यापर्यंत पाहत होते. सरकारने आपल्या वयाचा मान ठेवला, ही भावना त्यांच्या मुद्रेवर इतकी स्पष्ट होती, की तिचे मोल पैशांत करणे मला अनुचित वाटले.

शिवाजीनगरचे स्थानक मेट्रोच्या कामामुळे वाकडेवाडीस हलविलेले आहे. तेथे उतरून आम्ही स्वारगेटला जाण्यासाठी शहरातील पीएमपीच्या गाडीत चढलो. आजोबांनी पुन्हा तीच पिशवी काढली, तेच कार्ड तसेच दोन्ही हातांनी पुढे केले, आणि आजींनी दहा रुपयांची नोट काढून “एक हाफ द्या” असे म्हटले. वाहक भला माणूस होता. तो म्हणाला, “आजोबा, ही एसटी नाही. इथं ती सवलत चालत नाही. दोघांचे चाळीस रुपये द्या.” बोलण्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. तरीही मागच्या बाकावरचे दोघेतिघे वळून पाहू लागले, आणि आजोबांनी ते कार्ड इतक्या घाईने खिशात घातले, की पिशवी खाली पडली. चाळीस रुपये मी दिले. परंतु फुकट प्रवासाचा प्रयत्न करताना पकडला गेल्याची जी कळा त्या सज्जन वृद्धाच्या चेहऱ्यावर आली, ती परत येईपर्यंत पुसली गेली नाही.

दोष ना वाहकाचा होता, ना आजोबांचा. नियम काय आहे ते पाहावे. पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीत विनामूल्य प्रवासाची मुभा ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाली. स्त्रियांना अर्ध्या दराची सवलत १७ मार्च २०२३ पासून लागू झाली. दोन्ही सवलती एसटी महामंडळाच्या गाड्यांपुरत्या आणि महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत; शहरांतर्गत वाहतुकीस त्या लागू नाहीत. पुण्याची शहरगाडी ही निराळी कंपनी, तिचा दरतक्ता निराळा आणि तिच्या सवलतींची तजवीजही निराळी. दोन्ही गाड्यांत तिकीट, वाहक, बाके आणि घंटा सारखीच असताना मधली ही अदृश्य सीमा खेड्यातून आलेल्या माणसाने ओळखावी कशी?

भाड्याच्या आकारणीचेही असेच आहे. एसटीचे भाडे किलोमीटरवर मोजले जात नाही, ते टप्प्यावर मोजले जाते. आणि एक टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. टप्प्याच्या मध्येच उतरलात तरी पैसे पूर्ण टप्प्याचे. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा साध्या गाडीचा टप्प्याचा दर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. नगर ते पुणे हे अंतर सुमारे एकशेवीस किलोमीटर, म्हणजे वीस टप्पे. तेव्हा मूळ भाडे दोनशे रुपयांच्या आसपास येते, हे कोणालाही बोटांवर मोजता येईल. निमआराम गाडीचा आणि शिवाईचा दर अधिक, पण पद्धत हीच. वाहकाच्या काखेत रंगीत तिकिटांचा ट्रे आणि हातात चिमटा असण्याच्या दिवसांत, खच्चून भरलेल्या गाडीत उभ्याउभ्या हिशेब करणाऱ्या माणसाला टप्पा हाच आधार होता. सुटे नसले की तो तिकिटाच्या पाठीवर देणे असलेली रक्कम पेन्सिलीने लिहून देई, आणि उतरताना ते तिकीट दाखवून प्रवासी आपली बाकी मागून घेई. लिहिलेल्या शब्दावर दोघांचाही विश्वास असे.

पुण्यात १ जून २०२५ पासून टप्पा पाच किलोमीटरांचा झाला. पहिल्या पाच किलोमीटरांना दहा रुपये, दहापर्यंत वीस, पंधरापर्यंत तीस. पूर्वीच्या दोन किलोमीटरांच्या टप्प्यापेक्षा ही रचना समजण्यास सोपी आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु दोन थांब्यांपुरते बसणाऱ्या मोलकरणीचे पाच रुपयांचे तिकीट त्यात दहाचे झाले, हेही तितकेच खरे, आणि सुलभतेची ही किंमत तिने द्यावी हे मला न्याय्य वाटत नाही. पाच किलोमीटरांची सीमा जराशी ओलांडली तरी भाडे दुप्पट होते. तेव्हा एक थांबा अलीकडे उतरून चालत जाण्यात काही कमीपणा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभर चालणारा पास सत्तर रुपयांना मिळतो. त्या दिवशी दवाखाना, चष्म्याचे दुकान आणि परतीचे स्थानक अशा आमच्या वीस-वीस रुपयांच्या चार फेऱ्या झाल्या, म्हणजे माणशी ऐंशी रुपये. पास घेतला असता तर माणशी दहा वाचले असते. हे मला परतीच्या गाडीत उमगले.

रयतेकडून जो कर घ्यायचा त्याचा दर चावडीवर लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिकीट हाही लोकांनी नित्य भरावयाचा आकार आहे, आणि त्याचा कायदा जाणून घेणे हा भरणाऱ्याचा हक्क आहे. म्हणून दोन्ही परिवहन संस्थांच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. बाहेरगावच्या गाड्या जेथे उतरतात आणि शहरगाड्या जेथून सुटतात, अशा प्रत्येक ठिकाणी ठळक मराठी अक्षरांत, वृद्धांच्या दृष्टीस पडेल इतक्या उंचीवर एक फलक लावावा. टप्पा किती किलोमीटरांचा, दर किती, दिवसाचा पास कोठे मिळेल, आणि ‘एसटीची पंचाहत्तर वर्षांवरील व महिलांची सवलत येथून पुढे लागू नाही’, एवढी चार वाक्ये त्यावर पुरेत. आजोबांना पुढच्या महिन्यात पुन्हा डोळे दाखवायला जायचे आहे. तोपर्यंत निदान वाकडेवाडीला तरी तो फलक लागावा.