बोटीतल्या 'अर्थ'चा अनर्थ

"बारा व्होल्टचा कुठं शॉक बसतो साहेब?" आणि "बोट पाण्यातच हाय की, आणखी कसलं अर्थिंग?"

जलाशयावरच्या बोटीत लोंबकळणाऱ्या वायरींबद्दल कुणाला काही विचारा, ही दोन उत्तरं ठरलेली. कुठला घाट, कुणाची बोट ते सांगत नाही, कारण प्रश्न एका बोटीचा नाहीच. पण ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात जातात. पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं साफ चूक.

आमच्या मेढ्याहून डोंगर ओलांडला की कोयनेचा शिवसागर. बामणोली, तापोळा, वासोटा ही नावं पुण्या-मुंबईच्या वीकेंडवाल्यांना पाठ आहेत. पलीकडच्या कित्येक गावांना तर लाँच म्हणजेच एसटी. आता पूर्वीसारखी बोटीत नुसती मोटर नसते. म्युझिक सिस्टिम, एलईडीच्या माळा, मोबाइल चार्जर, पाणी उपसायचा पंप, एखाद्या हौशी बोटीत इन्व्हर्टरसुद्धा. आणि हे सगळं जोडतो कोण? बहुतेक वेळा गाड्यांचं वायरिंग करणारा मिस्त्री. तो त्याच्या कामात वाकबगार असतो, वादच नाही. पण बोट म्हणजे गाडी नव्हे!

आधी बारा व्होल्ट. शॉक बसत नाही, मान्य. पण आग लागते, त्याचं काय? गाडीची साधी बॅटरी शॉर्ट झाली तर काही सेकंद शेकडो अँपिअर ओतू शकते. बोटाएवढी जाड नसलेली कुठलीही वायर त्यात लालबुंद होते. म्हणून फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या प्लसपाशी, वीतभर अंतराच्या आत. आपल्याकडे तो म्युझिक सिस्टिमच्या मागे असतो, म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर रामभरोसे. फ्यूज उपकरणासाठी नसतो हो, वायरीसाठी असतो! त्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि बॅटरीही तिथेच ठेवलेली. एक ठिणगी पुरते. गाडी पेटली तर उतरून पळता येतं. बोटीतून कुठं पळणार?

आता गाडीची दुसरी सवय, 'बॉडी अर्थ'. गाडीत मायनसची वायर जवळच्या पत्र्याला जोडली की काम भागतं. फायबरच्या बोटीला पत्राच नाही, मग छताचे पाईप वापरले जातात. त्यांचे सांधे गंजले की तिथं गरम होतं, ठिणगी पडते. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या बोटीत तर करंट तळातून पाण्यात झिरपतो आणि पत्रा खातो. साध्या गंजाला वर्षं लागतात, याला काही आठवडेही पुरतात. प्रत्येक उपकरणाला प्लस आणि मायनस अशा दोन वायरी थेट बॅटरीपर्यंत न्यायच्या, एवढाच याचा उपाय. आणि वायर जाड हवी. बॅटरीपासून सहा मीटर लांब, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीतून दहा अँपिअर घेतले, तर जाऊन-येऊन साधारण १.४ व्होल्ट वाटेतच जिरतात. मग पंप रडतो, आणि पंप रडतो नेमका पाणी भरतं तेव्हा.

आता खरा अनर्थ. बॅटरीच्या मायनसलाही आपण 'अर्थ' म्हणतो आणि घरातल्या हिरव्या वायरीलाही 'अर्थ'च म्हणतो. शब्द एक, कामं दोन. मायनसमधून करंट रोज वाहतो. हिरव्या वायरीतून तो फक्त बिघाड झाला तरच वाहायला हवा. ही गल्लत २३० व्होल्टला जीव घेते.

समजा, धक्क्यावरून एक्स्टेन्शन ओढून बोटीत चार्जर लावलाय. दोनच पिनांचा प्लग, हिरवी वायर कापलेली. चार्जर बिघडला की बोटीचा पत्रा जिवंत. "बोट पाण्यातच हाय की"? हो, आणि म्हणूनच करंट पाण्यातून जमिनीत, तिथून ट्रान्सफॉर्मरकडे परत जायला निघतो. पण गोडं पाणी करंट फारसं वाहून नेत नाही. एमसीबी पडण्याइतका तो होतच नाही. आजूबाजूच्या पाण्यात व्होल्टेज पसरतं, आणि त्यात पोहणाऱ्या माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक असतं. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू आखडतात. माणूस ओरडतही नाही, बुडतो. समुद्रात खारं पाणी स्वतःच चांगलं वाहक, त्यामुळे हा धोका तिथं कमी. म्हणजे मालवणला एखादवेळेस निभावलं म्हणून शिवसागरावर निभावेल असं नाही.

म्हणून धक्क्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, आणि हिरवी वायर बोटीच्या पत्र्यापर्यंत सलग हवी. बोटीत इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल त्याच्यापाशीच बोटीच्या अर्थला जोडलेला हवा, नाहीतर पुढचा आरसीसीबी शोभेचा :)

"इतकी वर्षं काय झालं नाय" हा शेवटचा मुद्दा. याला उत्तर देत नाही. बोट उलटल्यावर लाइफ जॅकेटची बोंबाबोंब होते, तोपर्यंत तिथंही "काय झालं नाय"च असतं. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स अॅक्ट आला. त्यात यांत्रिक बोटींची नोंदणी आहे, सर्व्हे आहे, विमा आहे. त्या सर्व्हेत बॅटरीचं झाकण उघडायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं.

याच पाण्यावर कोयनेची १९६० मेगावॅटची वीज उभी आहे. त्यासाठी गावंच्या गावं उठली. जी उरली त्यांनी त्याच पाण्यावरून टेप गुंडाळलेल्या वायरींच्या भरवशावर रोज ये-जा करायची? आपण तर वर्षातून एकदा फोटो काढायला जातो.

असो. पुढच्या वेळी बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागाल तेव्हा आणखी एक विचारा, "दादा, बॅटरीपाशी फ्यूज आहे का?" चार जणांनी विचारलं तर दादा हसेल. चाळीस जणांनी विचारलं तर बसवेल. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.